अर्धी रिकामी पाकिटं

उस्मानाबादला टेलिफोन एक्स्चेंजच्या मागच्या अंगाला एक खोली होती. पूर्वी तिथं केबलची रिकामी रिळं टाकलेली असायची. ती बाहेर काढून, भिंतींना चुना मारून खोली आमच्या ताब्यात दिली, तेव्हा माझी पंचविशीही उलटली नव्हती आणि जिल्ह्यात दुष्काळ होता. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत मला नुकतीच नोकरी लागली होती. संस्थेनं लहान गावांसाठी एक पॅकेट स्विच तयार केला होता आणि तो खऱ्या कामावर लावून बघायचा होता. त्यासाठी आमचा जिल्हा निवडला, कारण टँकर, चारा डेपो, रोजगार हमीची कामं यांचे निरोप तालुक्यातालुक्यांतून रोज वर धाडावे लागत होते. मला धाडलं, कारण मी लोहाऱ्याची. जिल्ह्यातलं माणूस असलं म्हणजे राहायची तक्रार करणार नाही, असा हिशेब असावा.

पॅकेट स्विच म्हणजे काय हे मी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एकदा सांगितलं होतं, तसंच इथं सांगते. फोनवर दोन माणसं बोलायला लागली की मधली लाइन त्यांची होऊन जाते. ती गप्प बसली तरी ती लाइन दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही. आमच्या यंत्रात तसं नव्हतं. निरोपाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालायचा आणि एकाच लाइनीवर कळंबचा तुकडा, त्यामागं तुळजापूरचा, त्यामागं उमरग्याचा असे सोडत राहायचं. पलीकडचं यंत्र पत्ता वाचून ज्याचं त्याला देतं. त्या तुकड्याला पॅकेट म्हणतात. आम्ही पाकीट म्हणायचो.

आबा लोहाऱ्याच्या सोसायटीत शिपाई होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी एष्टीवानी. भाड्याच्या जीपवानी न्हाय."

मी व्हय म्हणाले. त्यांना फार बरं वाटलं.

त्या खोलीत माझ्याबरोबर तो होता. संस्थेत माझ्या दोन वर्षं आधी लागलेला. येरमाळ्याचा, शेतकरी घरातला. घरी आई-वडील आणि लग्नाच्या दोन बहिणी. तोही माझ्यासारखा औरंगाबादलाच शिकलेला, पण कॉलेजात आमची कधी ओळख झाली नव्हती. खोलीत यायच्या आधी तो चपला दाराबाहेर काढायचा. धूळ आत येऊ नये म्हणून, असं सांगायचा. पण ती देवळात जायची सवय होती हे मला दिसत होतं. मोडेम लाइनीला लागला की जी शिट्टी वाजते ती तो तोंडानं हुबेहूब काढायचा, आणि शिट्टी जराशी कापरी आली की म्हणायचा, "तुळजापूरची लाइन कुठंतरी वाऱ्यानं हालाय लागलीय." बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

सुरुवातीला तो मला मॅडम म्हणायचा आणि मी त्याला अहो.

तक्रारी पहिल्याच महिन्यात सुरू झाल्या. तीन तालुक्यांच्या लाइनी आमच्या स्विचमध्ये यायच्या आणि तिथून पुण्याच्या मोठ्या कॉम्प्युटरकडं जायला एकच लाइन होती. सकाळी सगळ्या तालुक्यांतले निरोप एकदम यायचे आणि दुपारपर्यंत यंत्रातच तुंबून राहायचे. कळंबचा ऑपरेटर फोनवर ओरडायचा, "मॅडम, टँकर कुठं वळवायचा ते विचारलंय. तुमचं उत्तर येईस्तोवर टँकर जाऊन रिकामा होऊन आला!"

संस्थेतले आमचे साहेब पुण्याहून आले. त्यांनी टेलिफोन खात्याकडं दुसरी लाइन मागितली. खात्यानं सांगितलं, नाव लावून ठेवा, नंबर लागेल तेव्हा लागेल. साहेब परत जाताना आम्हा दोघांना म्हणाले, "आहे त्याच लाइनीत बसवा. बँडविड्थ वाढवून मिळणार नाही. वाया कुठं जाते ते शोधा."

मग आम्ही शोधायला बसलो. लाइनीवरून काय काय जातंय ते सगळं प्रिंटरवर काढलं. कागदाची ती लांब पट्टी खोलीभर पसरली आणि दोघंही गुडघ्यांवर बसून वाचायला लागलो. तेव्हा लक्षात आलं की आमच्या माणसांचे निरोप फार छोटे आहेत. 'टँकर पोचला.' 'कडबा संपला.' 'हिरीला पाणी नाही.' यंत्र मात्र मोठ्या शहरांच्या अंदाजानं बनवलेलं. पाकिटं सगळी एकाच मापाची, चांगली मोठी. दोन शब्दांच्या निरोपालाही तेवढंच पाकीट लागायचं, त्यावर पत्त्याचा मजकूर चढायचा, आणि उरलेली जागा नुसत्या शून्यांनी भरून ती शून्यंसुद्धा पुण्यापर्यंत जायची.

"लाइन भरलेली न्हाय," तो कागदावर बोट ठेवत म्हणाला. "नुसती शून्यं वाहून न्यायलीय."

एका पाकिटात तीन-चार निरोप घालायचे, मधे खूण टाकायची, हे दोघांनाही सुचलं. भांडण झालं ते पुढच्या गोष्टीवर. पहिला निरोप आला की दुसऱ्यासाठी थांबायचं किती? त्याचं म्हणणं, एक ठरावीक वेळ थांबायचं. मी म्हटलं, दुपारी कुणीच काही पाठवत नसतं, तेव्हा एकटा निरोप उगाच ताटकळणार. तो म्हणाला, मग कमी थांबू. मी म्हटलं, मग सकाळी पाकिटं अर्धीच भरणार. हे दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी मी डबा खाता खाता म्हटलं, "थांबायचंच कशाला? लाइन मोकळी असेल तर जे हातात आहे ते लगेच सोडायचं. पाकीट रिकामं गेलं तर जाऊ दे, मोकळ्या लाइनीवर जागा वाया गेल्यानं कुणाचं काय अडतं? आणि लाइन गुंतलेली असेल तर तसंही थांबावं लागतंच. तेवढ्या वेळात जे जमेल ते एकात भरायचं."

तो भाकरीचा घास हातात तसाच धरून माझ्याकडं बघत राहिला.

"मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही जेवताना लई भारी बोलता."

दुसरी अडचण त्यानं सोडवली. उमरग्याची लाइन वरचेवर बंद पडायची. पुण्याहून आलेली सगळी पाकिटं यंत्रात एकाच रांगेत उभी राहायची, आणि रांगेच्या तोंडाशी उमरग्याचं पाकीट असलं की मागची तुळजापूरची, कळंबची सगळी अडकायची. त्यांच्या लाइनी मोकळ्या असूनसुद्धा. त्यानं प्रत्येक गावाची रांग वेगळी केली. सांगायला सोपं आहे, पण यंत्राची मेमरी इतकी तुटपुंजी होती की तीन रांगा बसवायला त्याला जवळजवळ सगळा प्रोग्रॅम पुन्हा लिहावा लागला. प्रोग्रॅम बदलला की चिप पुसून नव्यानं भरायची. पुसायला एक खास दिवा होता आणि दिव्याला वीज लागायची, जी निम्मा दिवस नसायची. तो म्हणायचा, आपल्या उन्हात ठेवली तरी पुसली जाते. एक चिप त्यानं खरंच गच्चीवर ठेवली. ती पुसली गेली का ते कळलं नाही, माकडानं नेली.

ज्या सकाळी नवा प्रोग्रॅम चालू केला, तेव्हा आम्ही दोघं यंत्रावरच्या तिन्ही गावांच्या दिव्यांकडं बघत उभे होतो. कळंबचा फोन आला.

"मॅडम, तुमचं यंत्र बिघडलंय का? म्या निरोप धाडला आन खुर्चीला पाठ टेकवायच्या आत उत्तर आलं."

त्यानं रिसीव्हर माझ्या हातातून घेतला आणि सांगितलं, "बिघडलं न्हाय मामा, सुधारलंय." मग फोन ठेवून त्यानं ती मोडेमची शिट्टी वाजवली. मी हसत सुटले ते थांबेचना. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांना तू म्हणायला लागलो.

गावात नळाला पाणी येत नव्हतं. मी भाड्यानं राहायची त्या घराच्या मालकिणीनं मला रोज दोन घागरींच्या वर पाणी नाही असं बजावलेलं. त्याच्या घरच्या, येरमाळ्याच्या विहिरीला अजून थोडं पाणी होतं. सोमवारी एसटीनं येताना तो एक प्लास्टिकचा कॅन भरून आणायचा आणि माझ्या दारात ठेवून जायचा. मी कधी मागितलं नाही, त्यानं कधी सांगितलं नाही.

एकदा आबा मला भेटायला उस्मानाबादला आले होते. उन्हातून आलेले, म्हणून मी तांब्या भरून दिला.

"गोड हाय गं पानी. कुठलं?"

मी सांगितलं. कुणाचं, ते थोडक्यात सांगितलं. बाकीचं त्यांना माझ्या तोंडाकडं बघून कळलं असावं. आबांनी तांब्यातलं पाणी संपवलं. लहानपणी ते गुरं राखायला होते त्या मालकाच्या विहिरीवर त्यांना चढू देत नसत. वरून कुणीतरी ओंजळीत पाणी ओतायचं. हे ते आम्हाला कधी रागानं सांगत नसत, पण सांगत. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा ते जवान पोरगे होते, आणि त्यानंतर त्यांनी कुणापुढं ओंजळ धरली नाही.

"त्यांच्या हिरीचं पानी," ते म्हणाले, "आन आपल्या घरात." मग त्यांनी तांब्या पुढं केला. "आनखी दे."

लग्नाचं त्यानंच विचारलं. दुपारची वेळ होती, वीज गेलेली, यंत्राचा पंखा बंद पडल्यामुळं खोली एकदम शांत झालेली. "आपन लगीन करायचं का?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात इतकी भीती होती की मला आधी वाटलं, काहीतरी जळालं. मी हो म्हणाले. त्यावर त्याला काय करावं ते सुचेना, म्हणून तो उठला आणि त्यानं बंद यंत्राच्या सगळ्या तारा एकेक करून तपासल्या.

पुढच्या आठवड्यात कळंबचा मोडेम बदलायला आम्ही खात्याच्या जीपनं गेलो. परतताना येरमाळ्याला रस्त्याकडच्या हॉटेलात चहाला थांबलो. त्यानं हात करून दाखवलं, "त्या लिंबामागं आमचं घर. पत्रा दिसतोय का, त्ये." मला दिसला. पत्र्यावर वाळवण घातलेलं होतं आणि एक मुलगी ते गोळा करत होती. मी कपातला चहा अगदी हळू प्याले. मला वाटत होतं तो म्हणेल, चल. त्यानं हॉटेलवाल्याला पैसे दिले आणि जीपच्या ड्रायव्हरला हाक मारली. एकदम कसं नेणार, असं मीच मनात त्याच्या वतीनं बोलून घेतलं.

घरी सांगायचं ठरलं तेव्हा त्यानं त्याच्या वडिलांना सांगितलं आणि मी आबांना. आबा म्हणाले, "मीच जाऊन येतो येरमाळ्याला. पोरीच्या बापानं जायला पायजे. मायला इतक्यात बोलू नको."

ते सकाळच्या गाडीनं गेले. पांढरा सदरा, तोही इस्त्रीचा. दुपारी मी खोलीतून बाहेर आले तर ते एक्स्चेंजच्या आवारात लिंबाखालच्या बाकावर बसलेले. कधी आले, किती वेळ बसले होते, कुणास ठाऊक. आत निरोप पाठवला नव्हता.

"आबा, काय झालं?"

"बस आधी."

मी बसले.

"पलंगावर बसवलं मला," ते म्हणाले. "सतरंजी टाकून. जेवू घातलं. त्येची माय सोता वाढाय आली. पोळी केली व्हती."

"मग?"

"मग त्येच्या बापानं हात जोडले. म्हणला, पावनं, तुमची पोर सोन्यावानी हाय, लेकानं मला समदं सांगितलंय. पन माझ्या दोन पोरी उजवायच्या हायेत. आज ह्याला व्हय म्हणलो तर उद्या त्यांच्या सोयरिकीला कुनी माझा उंबरा चढायचं न्हाय. एवढं बोलला आन रडाय लागला."

"रडले?"

"व्हय की. म्याच त्याला पानी दिलं." आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "भांडला असता तर म्याबी भांडलो असतो. तयारी करून गेलो व्हतो. समदं पाठ केलं व्हतं. पन मानूस आपल्या म्होरं हात जोडून रडाय लागल्यावर काय बोलायचं, सांग तू."

आबांचा तो इस्त्रीचा सदरा पाठीवर घामानं चिकटला होता.

त्यानं मला सांगितलं, थांब. दोघींची लग्नं होऊ देत, मग बापाला अडवायला कारणच उरणार नाही. मला ते पटलं. त्या वर्षी मात्र लग्नं निघत नव्हती. लोकांच्या घरात खायला पुरेनासं झालं होतं, मांडव कोण घालणार? पुढच्या उन्हाळ्यात थोरलीचं जमलं. त्यानं पेढे आणले. आम्ही ते यंत्रासमोर बसून खाल्ले आणि मग कामाला लागलो. त्या दिवसांत आम्ही लाइनीवरची आणखी एक गळती बंद केली. पाकीट पोचलं की पोचल्याची पावती म्हणून पलीकडून एक वेगळं पाकीट यायचं. लाइनीवरची कितीतरी जागा त्या पावत्याच खायच्या. आम्ही ती पावती उलट जाणाऱ्या निरोपाच्याच पाकिटात एका कोपऱ्यात बसवली. साहेब पुण्याहून फोनवर म्हणाले, "अरे, तुम्ही दोघं तिकडं करताय काय?" त्यांना भलताच आनंद झाला होता.

धाकटीचं ठरलं ती बातमी त्यानं मला एका सोमवारी सांगितली. मी तारेला डाग देत होते, हातात तापलेली सोल्डरिंगची सळई होती. तो आत आला. चपला बाहेर काढायला विसरला होता.

"धाकटीचं ठरलं," तो म्हणाला.

मला इतका आनंद झाला की मी सोल्डरिंग खाली ठेवून दोन्ही हात तोंडावर धरले. आता आमचीच पाळी होती. मी म्हटलं, "कधी? कुठलं स्थळ? चांगलं आहे का?"

"लातूरकडचं हाय. चांगलं हाय." तो भिंतीकडं बघत होता. "आमच्याकडं द्यायला काय न्हाय हे त्यास्नी ठावं हाय. हुंडा नको म्हणले." मग तो चपला काढायला वाकला. "साटंलोटं करायचं म्हणले."

त्यांचा मुलगा याच्या बहिणीला करणार आणि यानं त्यांच्या मुलीला करायचं. मी लोहाऱ्यातली. मला त्या शब्दाचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरी मला तो कळायला वेळ लागला, कारण माझ्या चेहऱ्यावर अजून आधीचा आनंद तसाच होता आणि तो कुठं ठेवावा ते मला समजत नव्हतं.

"तू काय म्हणालास?"

तो टेबलावरची एक तार घेऊन, नेहमी करायचा तसं, तिचं आठाच्या आकड्यात वेटोळं करायला लागला.

"तिथं बसला होतास ना तू? काय म्हणालास?"

"काईच न्हाय," तो म्हणाला. "समदे बसले व्हते. बाप माझ्याकडं बघत व्हता. धाकटी दाराआड हुबी व्हती, तिचे पाय दिसत व्हते मला. म्या खाली बघत बसलो."

"म्हणजे हो."

"व्हय."

यंत्राचा पंखा चालू होता, तिन्ही गावांचे दिवे लुकलुकत होते. मी त्याला ओरडले नाही. आता वाटतं, ओरडायला हवं होतं, त्याच्यासाठी नाही तर माझ्यासाठी. मी म्हटलं, "सोल्डरिंग बंद कर. टेबल जळतंय." त्यानं बटण बंद केलं. मी पर्स घेतली आणि घरी गेले. घरमालकिणीला डोकं दुखतं म्हणून सांगितलं.

मी कळवल्यावर आबा आले आणि मला लोहाऱ्याला घेऊन गेले. मायला तोपर्यंत सगळं कळलेलं होतं. तिनं मला पुढ्यात बसवून केसांना तेल लावलं, लहानपणी लावायची तसं, दोन्ही हातांनी डोकं गच्च धरून. एवढंच म्हणाली, "रड. पन दोन घास खाऊन रड." आबा अंगणात खाटेवर पाठ करून पडले होते. ते झोपले नव्हते हे मला आणि मायला दोघींनाही कळत होतं. मला त्या वेळी माझ्यापेक्षा त्यांचं जास्त वाईट वाटलं. मी निदान प्रेम केलं होतं. ते बिचारे नुसतेच इस्त्रीचा सदरा घालून गेले होते.

तो रजेवर होता तेव्हाच संस्थेचे मोठे अधिकारी यंत्र बघायला आले. तिन्ही तालुक्यांतून एकदम निरोप मागवले, उमरग्याची लाइन मुद्दाम काढून टाकली, तरी कळंब आणि तुळजापूर अडकले नाहीत. पाहुण्यांनी मान डोलावली. साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "आजच्या दिवशी तो हवा होता. गेलाय कुठं?"

"लग्नाला गेलाय, सर."

"कुणाच्या?"

"स्वतःच्या."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना काही माहीत होतं की नाही, मी सांगू शकत नाही. त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि ते परत पाहुण्यांकडं गेले.

लग्न करून तो परत कामावर आला. त्यानंतरचे काही महिने मला आयुष्यातले सगळ्यांत अवघड वाटतात. कारण काम चालूच होतं. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना आम्ही बसायचो आणि त्यानं आल्या दिवसापासून मला पुन्हा तुम्ही म्हणायला सुरुवात केली होती. "मॅडम, ती चिप तुमच्याकडं आहे का?" मी चिप द्यायची. मीही अहो म्हणायला लागले. शिट्टी त्यानं नंतर कधी वाजवली नाही. पाण्याचा कॅनही थांबला. एका सोमवारी मी सवयीनं दार उघडून खाली बघितलं आणि मग स्वतःचीच लाज वाटून दार लावून घेतलं.

पुढं पाऊस चांगला झाला. टँकर बंद झाले, चारा डेपो उठले आणि रोज वर धाडावेत असे निरोपच उरले नाहीत. टेलिफोन खात्यानं त्यांची लाइन परत मागून घेतली. पुण्याहून माणसं आली, स्विच पेटीत भरून घेऊन गेली. खोलीत पुन्हा केबलची रिळं येऊन पडली. त्यानं राजीनामा दिला. वडिलांना शेत झेपत नाही, असं कारण लिहिलं. मी पुण्याला गेले. तिथल्या लोकांनी आमची कामं पुढच्या स्विचमध्ये घेतली. नंतर कळलं की रिकाम्या लाइनीवर थांबायचं नाही, ही गोष्ट बाहेरच्या देशांत इतरांनाही आपापली सुचलेली होती. मला त्याचं काही वाटलं नाही.

दोनेक वर्षांनी मी औरंगाबादचं एक काम आटपून एसटीनं घरी येत होते. गाडी येरमाळ्याला थांबली. स्टँडसमोर रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं एक दुकान होतं, आणि बाहेर टांगलेल्या तारांची वेटोळी आठाच्या आकड्यात बांधली होती, त्यावरून मला ते कुणाचं आहे ते कळलं. उतरायचं नाही असं ठरवता ठरवता मी उतरले.

दुकानात एक बाई बसली होती. सावळी, माझ्यापेक्षा लहान. कडेवर मूल.

"ते कळंबला गेलेत, पार्ट आनाय," ती म्हणाली. मग माझ्याकडं नीट बघून तिनं विचारलं, "तुमी लोहाऱ्याच्या मॅडम का?"

मी मान हलवली.

"ह्यांनी सांगितलंय मला. समदं." तिनं मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "बसा की. येतील इतक्यात."

मी उभीच राहिले. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "त्यांच्या बहिणी बऱ्या आहेत?"

"थोरली बरी हाय. धाकटी हितंच हाय, घरी." ती जरा घुटमळली. "माज्या भावानं तिला नांदवलं न्हाय. माघारी धाडली. मग समदे म्हणाय लागले, त्यांनी आपली धाडली तर आपनबी त्यांची धाडायची. साटंलोट्यात तसंच असतंय की वो. भावकी बसली. मी आत रडत व्हते, बोचकं बांधून ठेवलं व्हतं. तवा हे उठले आन समद्यांम्होरं म्हणले, ही कुठंबी जायची न्हाय. सासऱ्यास्नीबी तसंच सांगितलं. परत कुनी बोललं न्हाय."

ती हे अभिमानानं सांगत होती आणि तिला तो हक्कच होता. मी तिच्या मुलाच्या गालाला हात लावला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. "येते," म्हणाले आणि रस्ता ओलांडला.

गाडीत बसल्यावर मला रडू आलं. ते त्याच्यावरचं होतं, धाकटीवरचं होतं, की त्या बाईला मिळालं ते मला मिळालं नाही यावरचं होतं, ते मला वेगळं काढता येईना. त्या माणसाला भावकीसमोर उभं राहून बोलता येत होतं. एवढंच मला सारखं कळत होतं. आणि त्या बाईला त्यानं माघारी धाडलं असतं तर मी त्याचं तोंड बघितलं नसतं, हेही तितकंच खरं होतं.

लोहाऱ्याला उतरले तेव्हा आबा स्टँडवर वाट बघत होते.

"उशीर केला एष्टीनं," ते म्हणाले.

"व्हय," मी म्हणाले आणि पिशवी त्यांच्या हातात दिली.